चौदा खिडक्यांचे माप

मी एक जुना टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असतो तो. आयुष्यात मी कधीही मापात पाप केले नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मला छाती नाही आणि हातही नाहीत, तेव्हा या विधानाचे वजन तुम्हीच ठरवा. शिवाय ते पहिल्या अकरा वर्षांपुरतेच खरे आहे. त्यानंतर मी ताणला गेलो. मित्रांनो, कापडी टेप वापरून वापरून ताणतो. माझे साठ इंच आज खऱ्या टेपच्या साडेएकसष्ट इंचांएवढे भरतात. त्यामुळे माझ्यावर मोजलेला प्रत्येक माणूस आहे त्याहून थोडा बारीक निघतो. माझ्या लोकप्रियतेचे रहस्य एवढेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांब पट्टीवर पिवळा रंग चढवला, त्यावर काळे आकडे छापले, टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि मला गुंडाळून एका डबीत घातले. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. मास्तरांनी, म्हणजे माझ्या शिंप्याने, मला विकत घेतले त्याला आता चौतीस वर्षे झाली. सेंटीमीटरची बाजू त्यांनी एकदाही वापरली नाही. ती आजही नवीकोरी आहे. काही नातेवाईक असतात तसे.

मास्तरांचे दुकान एका जिन्याखाली होते. एक मशीन, एक कापायचे टेबल, एक आरसा आणि ट्रायलसाठी पडद्याआड एवढीशी जागा, की तिथे माणूस एक तर पँट घालू शके किंवा श्वास घेऊ शके. मी सकाळी नऊला मास्तरांच्या गळ्यात पडे आणि संध्याकाळी आठला खुंटीवर जाई. मी ताणलो आहे हे मास्तरांना ठाऊक होते. कुणी म्हणाले, "मास्तर, नवीन टेप घ्या की," तर ते म्हणत, "ज्या टेपनं मोजायचं त्याच टेपनं कापायचं. दोघांचं खोटं सारखं असलं की कपडा बरोबर बसतो."

माप मास्तर घेत आणि वही मास्तरीणबाई लिहीत. मास्तर आकडा मोठ्याने सांगत, बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उतरवून घेत. आता, दुकानात चार गिऱ्हाइके उभी असताना स्वतःच्या पोटाचा घेर जाहीर झालेला कुणाला आवडतो? म्हणून मास्तरांनी एक युक्ती काढली होती. पोट चव्वेचाळीस भरले की ते म्हणत, "बेचाळीस, बरं का!" बाई मान खाली घालून वहीत चव्वेचाळीस लिहीत. "बरं का" म्हणजे दोन इंच वाढवून लिहायचे. गिऱ्हाईक खूश, पँटही खूश. त्या दुकानात इतके लोक बारीक होऊन गेले, की तेवढे एखाद्या व्यायामशाळेतूनही झाले नसतील.

मास्तरांची मुलगी, घरात सगळे तिला धाकटी म्हणत, शाळा सुटल्यावर कापायच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करी. नऊ वर्षांची असताना एकदा तिने वहीत डोकावले आणि टेबलाखालून ओरडली, "आई, चुकलीस! बाबा बेचाळीस म्हणाले, तू चव्वेचाळीस लिहिलंस!" गिऱ्हाईक तिच्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. ते पुन्हा आले नाहीत. बाईंनी लेकीला त्या दिवशी एक वाक्य शिकवले. "तुझे बाबा बोलतात ते माणसासाठी. मी लिहिते ते कापडासाठी." पुढे बाई गेल्या आणि वही धाकटीकडे आली. ती तोवर रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचून ती संध्याकाळी दुकानात येई आणि मान खाली घालून दोन इंच वाढवून लिही.

मग दुकान गेले. त्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मी घरातल्या खुंटीवर आलो. मित्रांनो, खुंटीवरचे दिवस लांब असतात. समोर एक कॅलेंडर होते, तेही मागच्या वर्षीचे.

मास्तरांना विसर पडू लागला तो आधी मला कळला, कारण एके दिवशी सकाळी त्यांनी मला गळ्यात घातले आणि ते दुकान उघडायला निघाले. कव्हरांच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले. दुकानदार भला माणूस. त्याने धाकटीला फोन केला, "ताई, मास्तर आलेत. घाई नाही, सावकाश या. फक्त चार्जर घ्यायला आलेल्या एकाची छाती मोजून झालीय, आता बाह्यांना हात घातलाय."

हे हसण्यावारी गेले. नंतरचे गेले नाही. इस्त्री चालू राहून टेबलाला भोक पडले. मग एका दुपारी मास्तर न्हाणीघरात पडले आणि धाकटी प्रयोगशाळेतून येईपर्यंत दोन तास फरशीवर राहिले. मी त्यांच्या गळ्यात होतो. मला हाका मारता येत नाहीत. मास्तरांना सांभाळायला घरी तीन बाया ठेवून झाल्या. पहिली मोबाइलवर असे, दुसरी मोबाइलवरच असे, तिसरी चांगली होती. पण तिच्या ॲप्रनची शिवण वाकडी म्हणून मास्तरांनी तो तिच्या अंगावर असतानाच उसवायला घेतला. ती गेली.

धाकटीने पाच शुश्रूषागृहे पाहिली. कुठे वास चांगला नव्हता, कुठे मेट्रन. सहावे पटले. एकमजली, चौदा खोल्या, प्रत्येक खोलीला एक मोठी खिडकी. दारावरच्या पाट्यांवर "शुश्रूषा" हा शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारांनी लिहिलेला होता, पण म्हाताऱ्यांची नखे कापलेली होती. धाकटीने नखे पाहून ठरवले.

प्रश्न मास्तरांना सांगायचा होता. धाकटीला एकच भीती होती: अबोल्याची. मास्तर चिडत नसत, ओरडत नसत. ते बोलणे बंद करीत. त्यांच्या सख्ख्या भावाने एकदा त्यांच्या कात्रीने पत्रा कापला होता आणि वर "मी नाही" म्हणाला होता. शिंप्याच्या कात्रीने पत्रा कापणे म्हणजे काय ते शिंप्यालाच कळते. पण मास्तरांना पत्र्याचे लागले नाही, "मी नाही"चे लागले. एकोणीस वर्षे ते भावाशी बोलले नाहीत. मग बोलायला भाऊच उरला नाही.

थोरला मुलगा दूर देशी असतो. तो व्हिडिओवर येतो, पण त्याचे फक्त कपाळ दिसते. त्या कपाळाने तोडगा काढला.

"सरळ सांग, ऑर्डर आहे म्हणून. पडद्यांची. चौदा खिडक्या. ऑर्डर म्हटलं की बाबा उठतात."

"आणि तिथे गेल्यावर?"

"तिथे गेल्यावर तिथले लोक बघतील. त्यांचं ते रोजचंच काम आहे. तू जरा प्रॅक्टिकल हो, धाकटे."

"दादा, खोटं बोलायचं मी. अबोला धरणार माझ्याशी. तू कपाळ घेऊन बसशील तिकडे."

"मग खरं सांग."

ते तिला तीन आठवडे जमत नव्हते. ती सकाळी चहा घेऊन समोर बसे, तोंड उघडे आणि म्हणे, "साखर बरोबर आहे ना?" साखर रोज बरोबर असे. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, एक ऑर्डर आलीय." मास्तर खरेच उठले. खडू शोधू लागले.

शुश्रूषागृहातून यादी आली होती. सात सदरे, पाच पायजमे, दोन स्वेटर. आणि धुलाईला सगळे एकत्र जाते म्हणून प्रत्येक कपड्याला आतून खोलीचा नंबर शिवलेला हवा. मास्तरांना नऊ नंबरची खोली मिळणार होती. धाकटीने सगळे कपडे गुपचूप प्रयोगशाळेत नेले आणि जेवणाच्या सुट्टीत बसून आतून "९" लिहिलेल्या पट्ट्या शिवल्या. तिचा हात सुईला सरावलेला आहे, पण वेगळ्या सुईला. मग कपाट रिकामे दिसू नये म्हणून मंगळवारी तिने कपडे परत जागच्या जागी लावले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. बुधवारी मास्तर दिवसभर खिडकीत बसून काहीतरी उसवत होते. हल्ली ते पुष्कळदा उगाच उसवत बसत, म्हणून मी लक्ष दिले नाही. मीही म्हातारा झालो आहे.

शनिवारी आम्ही निघालो. टॅक्सीत पुढे मास्तर, त्यांच्या गळ्यात मी, मागे धाकटी, आणि डिकीत त्या कपड्यांची बॅग. मास्तरांनी दाढी केली होती आणि कानामागे पेन्सिल खोचली होती. धाकटीच्या मांडीवर मापाची वही होती. ती रस्ताभर वहीची कड नखाने कुरतडत होती.

मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना सगळे सांगून ठेवले होते. त्या जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "या आजोबा! या या!" व्हरांड्यात बसलेली सहा डोकी एकदम वळली.

"मास्तर म्हणा," मास्तर म्हणाले. "आजोबा इथं पुष्कळ दिसतायत."

पहिल्या खोलीपासून सुरुवात झाली. मित्रांनो, तीन वर्षांनी मी ऑर्डरीसाठी उलगडलो. मास्तरांच्या बोटांना कंप आहे, पण माझी पितळी टोपी खिडकीच्या कडेला टेकवताना तो कुठे गेला कोण जाणे. "रुंदी अठ्ठेचाळीस. उंची बावन्न. लिही." धाकटी लिहीत होती. दुसऱ्या खोलीतल्या आजींनी सांगितले, की पडदा निळा हवा, फुले नकोत, फुलांनी सर्दी होते. मास्तरांनी ते वेगळे लिहून घ्यायला लावले. तिसऱ्या खोलीत सगळे फिसकटणार होते. एक तरुण सिस्टर हातात फॉर्म घेऊन घाईने आत आली.

"नऊ नंबरचे हेच ना? पोटरीचा घेर हवाय, मोज्यांसाठी. जरा पाय वर घ्या."

 मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, मग मेट्रनबाईंकडे, मग धाकटीकडे.

"मी इथं माप घ्यायला आलोय का द्यायला?"

"सगळ्यांचंच घेतो आम्ही," मेट्रनबाई गडबडीने म्हणाल्या. "आत येणाऱ्या प्रत्येकाचं. नियमच आहे."

"पोस्टमनचंसुद्धा?"

"तो... बाहेरूनच जातो."

"हुशार आहे," मास्तर म्हणाले आणि चौथ्या खोलीकडे चालू लागले. धाकटीच्या हातातला पेन खाली पडला होता. तो तिने दोनदा उचलला, कारण एकदा उचलून पुन्हा पडला.

चार, पाच, सहा, सात, आठ. मास्तर एकेक आकडा सांगत होते आणि त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा झाला होता. नऊ नंबरची खोली रिकामी होती. पलंगावर धुतलेली चादर, कोपऱ्यात एक खुर्ची, भिंतीत कपाट, पलंगाशेजारी घंटेचे बटण. मास्तरांनी खिडकी मोजली. मग मला नीट गुंडाळून गळ्यात घातले आणि ते पलंगावर बसले. तळव्याने गादी दाबून पाहिली.

"कडक आहे. चांगली आहे."

धाकटी दारात उभी होती. मेट्रनबाई शहाण्या, त्या बाहेरच थांबल्या.

"धाकटे, माझी कॉलर किती?"

"पंधरा, बाबा."

"मग सात सदऱ्यांना नऊ नंबर का लावलास?"

 मास्तर काल काय जेवले ते विसरतात. कधी कधी जेवलो हेच विसरतात. पण शिंप्यापासून टाका लपवायचा म्हणजे कोंबडे झाकून ठेवण्यासारखे आहे, आणि तो कपाटात त्याच्याच नाकासमोर परत आणून ठेवणे हे शिंप्याच्या मुलीलाच सुचू शकते.

"वाकडा होता टाका. गाठही सैल. चार धुण्यांत सगळे नऊ नंबर निघाले असते आणि मी दुसऱ्याचा पायजमा घालून फिरलो असतो इथं. बुधवारी सगळे उसवले आणि परत शिवले."

आता मला बुधवार कळला. धाकटी आत येऊन खुर्चीत बसली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बुधवारी कळलं. गुरुवारी विसरलो असेन. आज आठ नंबरच्या पुढं नऊ आला, तेव्हा परत कळलं."

"मला खोटं बोलायचं नव्हतं, बाबा. तोंडच उघडेना माझं. दादा म्हणाला, ऑर्डर आहे म्हणून सांग..."

"तो लांबून बोलतो. लांबून माप घेता येत नाही." मास्तरांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "फरशीवर पडलो होतो त्या दिवशी मी. तू आलीस, मला उचललंस आणि मग स्वतः न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलीस. तुला वाटतं नळाच्या आवाजात ऐकू येत नाही."

धाकटी त्या वेळी नळाशिवाय रडत होती.

"रागावलात?"

"रागावलो असतो तर बोललो असतो का?" मास्तर म्हणाले. मग त्यांनी खिडकीकडे पाहिले, आणि दुकानात आकडा सांगत त्याच सुरात म्हणाले, "मी राहतो इथं. आठवड्यातून एकदा आलीस तरी पुरे, बरं का."

वही धाकटीच्या मांडीवर उघडीच होती. तिने मान खाली घातली आणि नऊ नंबरच्या खिडकीखाली लिहिले: तीन.

मग मास्तर उठले आणि उरलेल्या पाच खिडक्या मोजल्या, कारण अर्धे माप घेऊन जाणे बरे दिसत नाही. शेवटी त्यांनी त्या तरुण सिस्टरला बोलावले आणि स्वतःच पायजमा वर केला. तिने मला त्यांच्या गळ्यातून काढले आणि त्यांच्या पोटरीभोवती धरले. मित्रांनो, चौतीस वर्षे मी या माणसाच्या गळ्यात होतो आणि त्याचे माप कधी घेतले नव्हते. अकरा इंच भरले. मी ताणलेला आहे हे मी तिला सांगू शकलो नाही. खरे माप थोडे जास्त असते, एवढेच मी स्वतःला समजावले.

त्या संध्याकाळी थोरल्याच्या कपाळाने विचारले, "तीनदा कशाला जातेस? एकदा पुरे म्हणाले ना ते?"

"तुला कधी वही लिहायला बसवलं नाही रे," धाकटी म्हणाली. ती मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी येते. दोन बस बदलाव्या लागतात.

पहिल्याच मंगळवारी मास्तरांनी तिला विचारले, "कापड कुठाय?"

"कसलं कापड?"

"ऑर्डर घेतलीस ना? चौदा पडदे. खोटं बोललीस, आता ते खरं कर."

तिने पुढच्या खेपेला निळ्या कापडाचा तागा आणला. फुले नाहीत. हातमशीनही आले. मेट्रनबाईंनी परवानगी दिली, पण सुईचा त्यांना धसका. म्हणून सुया औषधांच्या कपाटात राहू लागल्या. सकाळी नाश्त्यानंतर सिस्टर ट्रे घेऊन येते: रक्तदाबाची एक गोळी, स्मरणशक्तीची एक गोळी, सुई एक. संध्याकाळी सुई परत घेतात. गोळ्या परत घेत नाहीत. मास्तर मला टेबलावर पसरतात, खडूने खूण करतात आणि कापतात. माझ्यानेच मोजले होते, माझ्यानेच कापतात, तेव्हा पडदे बरोबर बसतात. कधी ते एकच शिवण दोनदा घालतात. कधी मध्येच थांबून विचारतात, "हे कुणाचं काम?" मग दोन नंबरच्या आजी ठणकावून सांगतात, "माझं! आणि दोन दिवस उशीर झालाय!" मास्तर पुन्हा मशीन फिरवू लागतात. उशीर झाला म्हटले की त्यांना बरे वाटते.

काही दिवस वाईटही असतात. एका शुक्रवारी त्यांनी धाकटीला ओळखले नाही. "काय शिवायचंय, ताई?" असे अदबीने विचारले. तिने बॅगेतून स्वतःचा स्वेटर काढला, म्हणाली, "बटण तुटलंय हो, मास्तर." त्यांनी बटण लावून दिले आणि म्हणाले, "गाठ घट्ट मारलीय. आता नाही जायचं." ती व्हरांड्यात जाऊन बसली. तिथे नळ नव्हता. दोन नंबरच्या आजींनी तिला काही न विचारता अर्धे बिस्किट दिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी उपदेश करावा अशी पद्धत आहे. मी फार शिकलेला नाही. मला फक्त साठपर्यंत आकडे येतात. पण एवढे सांगतो. म्हाताऱ्या माणसाला घरातून हलवायची वेळ आली, तर त्याला खरे सांगा. ते जमले नाही, आणि पुष्कळांना जमत नाही, तर निदान असे खोटे बोला की जे पुढे मेहनत करून खरे करता येईल. आणि तो बोलतो ते ऐकाच, पण लिहिताना थोडे वाढवून लिहा. जुन्या टेपलाही जमल्यास उन्हात टाकू नका.

चौदापैकी अकरा पडदे शिवून झाले आणि लागलेसुद्धा. गेल्या महिन्यात अग्निशमन खात्याचा माणूस तपासणीला आला. त्याच्या नियमात कापडी पडदे बसत नाहीत. अकराही त्याच दिवशी काढले. सध्या ते घडी घालून व्हरांड्यातल्या कपाटात ठेवले आहेत, आणि मास्तर बारावा शिवत आहेत.